'विश यू वेअर हिअर'चे कॉर्ड : बोटं नक्की कुठे ठेवायची?

ताठबोटे

नमस्कार मंडळी, वय ४६, गिटार हातात घेऊन जेमतेम सात महिने झालेत, त्यामुळे प्रश्न बालवाडीतला वाटला तर सांभाळून घ्या.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं 'विश यू वेअर हिअर' बसवायचंय. आमच्या हॉस्टेलवर माझा रूममेट रोज रात्री मेसमधून आला की जिन्यात बसून हे गाणं वाजवायचा, आम्ही तेव्हा त्याला शिव्या घालायचो की बाबा दुसरं काहीतरी शिक, आणि आता तोच वीस वर्षांनी ऑस्ट्रेलियाहून येतोय, तीन आठवड्यांनी कर्जतला सगळ्यांनी जमायचं ठरलंय आणि मी ग्रुपवर बोलून बसलोय की त्याचं गाणं त्याच्यासमोर मी वाजवणार. नको तिथे तोंड उघडलं.

तर एका ॲपवर सुरुवातीचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) मिळाले. ई मायनर, जी, ई मायनर, जी, मग ई मायनर, ए, ई मायनर, ए, आणि शेवटी जी. हे तिन्ही मला येतात, बदलताना अडखळतो पण येतात. पण वाजवलं की ते गाणं वाटतच नाही हो! बायको आतून म्हणाली, कुठली आरती आहे? त्यातही ए आला की काहीतरी जास्तच खटकतं, चुकून शेजारच्यांच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. दुसऱ्या एका साइटवर नुसते आकडे दिलेत, ०२२०३३ असे, तसं दाबून बघितलं तर डबे पडल्यासारखा आवाज आला. गिटार ट्यून आहे, तीनदा चेक केलंय. बोटं कुठे ठेवायची ते कोणी मराठीत सांगेल का?

बिनधास्त_बाळ्या

काका टेन्शन नका घेऊ, ई मायनर जी ए जोरात वाजवा आणि सगळ्यांना गायला लावा, कर्जतला रात्री अकरानंतर कोणाला काय कळतंय 😄

सहावी_तार

बाळ्या गप रे.

ताठबोटेसाहेब, ॲपने तुम्हाला नावं सांगितली ती ढोबळ आहेत, चूक म्हणता येत नाहीत पण त्यात गाण्याचा जीवच गेलाय. आणि ते आकडे बरोबर आहेत, माझी खात्री आहे तुम्ही ते उलटे वाचलेत. आकडे जाड तारेपासून वाचायचे. म्हणजे सहावी तार (सगळ्यात जाड, मांडीवर गिटार घेतलं की तुमच्या नाकाकडची) मोकळी, पाचवी दुसऱ्या पडद्यावर (पडदा म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधला कप्पा), चौथी दुसऱ्या पडद्यावर, तिसरी मोकळी, दुसरी आणि पहिली तिसऱ्या पडद्यावर. हा झाला ई मायनर सेव्हन. तुम्ही बारीक तारेकडून सुरू केलं असेल तर ३३०२२० झालं आणि त्यात डबेच पडणार.

आता मुद्द्याचं. अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्यात. ही दोन बोटं तिथे ठेवा आणि फेविकॉल लावलाय असं समजा. अख्ख्या इन्ट्रोत (गायला सुरुवात होण्याआधीच्या भागात) ती उचलायची नाहीत. बदलायचं ते फक्त तर्जनी आणि मधल्या बोटाने.

ई मायनर सेव्हनला तर्जनी पाचव्या तारेवर, मधलं बोट चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या पडद्यात. तिथून जी ला जायचं तर मधलं बोट चौथ्या तारेवरून उचलून थेट सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात टाका, बस, तर्जनीपण आहे तिथेच. ३२००३३. एका बोटाचं काम! परत ई मायनर सेव्हन, आणि आता ज्याला ॲप ए म्हणतंय तो खरा आहे ए सेव्हन सस फोर. त्याला नुसती तर्जनी उचला. पाचवी मोकळी वाजेल, मधलं बोट चौथ्यावर आहेच, सहावी तार वाजवायची नाही. ०२०३३ पाचव्या तारेपासून.

नावं ऐकून घाबरायला होतं, सेव्हन सस फोर वगैरे, पण साध्या ए पेक्षा हा सोपा आहे. साध्या ए मध्ये तीन बोटं एका पडद्यात कोंबायची असतात, लोकलच्या चौथ्या सीटसारखी.

आज फक्त एवढंच करा, स्ट्रमिंग (तालात तारांवर हात फिरवणं) विसरा. प्रत्येक कॉर्डला वरून खाली एकदाच हळू हात फिरवा आणि प्रत्येक तार सुटी ऐकू येते का बघा. करंगळी आडवी पडून पहिली तार फसफसणार, पहिले चार दिवस सगळ्यांचं तेच होतं. अंगठा गिटारच्या मानेच्या (दांड्याच्या) मागे थोडा खाली घ्या म्हणजे करंगळी टोकावर उभी राहील.

पेटीवाला

मध्येच बोलतो, माफ करा. मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, मुलगा नोकरीला गेला आणि त्याचं गिटार घरात राहिलंय म्हणून इथे वाचायला येतो. पण सहावी_तार यांनी लिहिलं ते मी पेटीवर वाजवून बघितलं आणि अक्षरशः हसू फुटलं.

गाणं जी मध्ये आहे ना, म्हणजे पांढरी पाच. पांढरी पाचला सा धरा. आता ती न हलणारी बोटं बघा. तिसरी तार मोकळी म्हणजे सा. दुसऱ्या तारेवर जे दाबलंय तो प. पहिल्या तारेवर वरचा सा. सा, प, सा! अहो हा तंबोरा आहे. तिन्ही कॉर्डमध्ये वरच्या तीन तारा तंबोऱ्यासारख्या तशाच वाजत राहतात आणि खाली फक्त ध, सा, रे एवढंच हलतं. ई म्हणजे ध, जी म्हणजे सा, ए म्हणजे रे.

आणि तुम्हाला ए खटकला ना, तो का खटकला तेही सांगतो, तुमचा कान चांगला आहे. साधा ए धरला की दुसऱ्या तारेवरचा प एक पडदा खाली येतो आणि तिथे तीव्र मध्यम लागतो. तंबोऱ्यात प वाजत असताना कोणीतरी येऊन त्याच तारेचा तीव्र म करून गेला तर कसं वाटेल? तसं झालं. बरं तीव्र म ला स्वतःचं सौंदर्य आहेच, यमनात आम्ही त्याच्यासाठीच बसतो, पण या गाण्यात त्या जागी त्याला आमंत्रण नाहीये.

अजून एक. मुलाने ऐकवलं होतं तेव्हाच वाटलं होतं, आज ताडून बघितलं. इन्ट्रोत दुसरं गिटार येऊन जे सुट्टे सूर वाजवतं ते जवळजवळ सगळे सा रे ग प ध, म्हणजे भूपाचेच सूर. भूप वाजवला असं म्हणत नाही, राग म्हणजे नुसते सूर नव्हेत हे मलाही कळतं, आमचे गुरुजी असते तर पेटीचं झाकण माझ्या बोटांवर आपटलं असतं. पण सूर तेच.

सहावी_तार

पेटीवाले काका, दंडवत!! पंधरा वर्षं वाजवतोय हे गाणं, शिकवतोपण, आणि मुलांना नुसतं सांगायचो की दोन बोटं हलवू नका. का, ते मला स्वतःलाच असं कधी दिसलं नव्हतं. आता तंबोरा म्हणूनच सांगणार.

ताठबोटे

अरे बापरे एवढी उत्तरं!! उलटेच वाचले होते आकडे, हो 🙈

काल रात्री दीड तास बसलो. पहिल्यांदा ई मायनर सेव्हनवरून जी वर फक्त ते एक बोट टाकलं आणि वरच्या तारा तशाच वाजत राहिल्या तेव्हा अंगावर काटा आला, खरंच जिन्यातला आवाज आला. बायको बाहेर येऊन म्हणाली हां, हे ओळखीचं वाटतंय. करंगळीचं टोक लाल झालंय, ऑफिसात टाइप करताना जाणवतंय पण मजा येतेय.

आता पुढची अडचण. गायला सुरुवात होते तिथले कॉर्ड असे दिलेत: सी, डी बाय एफ शार्प, ए मायनर बाय ई, जी, परत डी बाय एफ शार्प, सी, ए मायनर, जी. हे बाय काय प्रकरण आहे? आणि डी बाय एफ शार्पच्या चित्रात सहाव्या तारेवर अंगठा दाखवलाय. अंगठा?? माझा अंगठा तिथे पोचायला दुसरा जन्म घ्यावा लागेल.

जुना_खोड

बाय म्हणजे कॉर्ड कुठलाही असो, सगळ्यात खालचा सूर तो जो बायच्या नंतर लिहिलाय. डी कॉर्ड पण तळाला एफ शार्प. ते शोभेसाठी नसतं. फक्त जाड तारांकडे कान द्या : सी, मग एफ शार्प, मग ई, मग जी. ती खालची ओळ गाण्याबरोबर स्वतःची चाल चालते. साधा डी धरलात तर खालचा सूर चौथ्या तारेवर उडी मारतो आणि ओळ तुटते. ए मायनर बाय ई ला तर काहीच करायचं नाही, नेहमीचा ए मायनर धरून मोकळी सहावी तारपण वाजू द्यायची. लोकांना सवय असते ती टाळायची, इथे टाळू नका.

अंगठ्याचं म्हणाल तर मी अंगठाच वापरतो आणि माझ्या मते तोच बरोबर. मान तळव्यात धरायची, वरून अंगठा सहाव्या तारेवर दुसऱ्या पडद्यात, बाकी बोटांनी नेहमीचा डी. क्लासिकल शिकवणारे ओरडतील, ओरडू द्या.

आणि हो, आता कोणीतरी येऊन सांगेल की सी च्या ऐवजी सी ॲड नाइन वाजवा म्हणजे तुमची ती फेविकॉलची बोटं तिथेच राहतात. करू नका. रेकॉर्डवर तिथे साधा सी ऐकू येतो. इन्ट्रोभर जे सूर वर गुणगुणत असतात ते गाणं सुरू झाल्यावर थांबतात आणि म्हणूनच पहिली ओळ अशी उघडी पडते. तिथेही तंबोरा चालू ठेवलात तर फरकच कळणार नाही.

छोटे_हात

मीच ती 'कोणीतरी' 😀 पण खोडकाकांचं सी बद्दल पटलं, मी इतकी वर्षं सी ॲड नाइनच वाजवत होते, आज साधा सी लावून ऐकलं आणि हो, वेगळं वाटतं. तरी ताठबोटे दादा, तीन आठवडेच आहेत, अडलात तर लाज न बाळगता सी ॲड नाइन वाजवा, ०३२०३३ मधलं पहिलं शून्य सोडून द्या, म्हणजे सहावी वाजवायची नाही. कोणी तुरुंगात टाकत नाही.

अंगठ्याबद्दल मात्र माझं ऐका कारण माझे हात तुमच्यापेक्षा नक्की लहान आहेत, कॉलेजात असताना माझ्या गिटार क्लासवाल्या सरांनी सांगून टाकलं होतं की तुझ्या हाताला हे जमणार नाही, युकेलेले घे. तर असं करा. मधलं बोट सहाव्या तारेवर दुसऱ्या पडद्यात. तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यात. अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, म्हणजे इन्ट्रोत होती तिथेच! पहिली तार वाजवायचीच नाही. चौथी मोकळी. आणि पाचवी तार बंद करायची, ती कशी, तर मधलं बोट सहाव्या तारेवर अगदी सरळ उभं न ठेवता किंचित कलतं ठेवा, बोटाचं मांस पाचव्या तारेला नुसतं टेकलं पाहिजे, दाबायचं नाही. ती 'टक्' अशी मुकी वाजली की झालं.

सुरुवातीला दोन तारा मुक्या होतील नाहीतर एकही होणार नाही. मी टीव्हीवर मालिका चालू असताना गिटार मांडीवर घेऊन नुसतं हे एक बोट टेकव-उचल करत बसायचे, आठवडाभर, काही वाजवायचे नाही. सासूबाईंना वाटायचं मला गिटार धरायला आवडतं, वाजवायला नाही.

ताठबोटे

ताई तुमचा अनामिका-तिथेच-वाला जमतोय! दहातून सहा वेळा. अंगठावाला करून बघितला, मनगटात कळ आली, सोडून दिला, खोडकाका राग मानू नका.

आता एक शंका. सगळं बरोबर दाबतोय तरी रेकॉर्डवर सुरुवातीचं गिटार जसं चमचम वाजतं तसं माझं वाजत नाही, माझं जाड, घुमणारं वाटतं. तारा बदलू का?

सहावी_तार

बदला, सात महिने झाले असतील तर बदलाच, पण त्याने तो आवाज येणार नाही. ते बारा तारांचं गिटार आहे. त्यात प्रत्येक तारेला जोडीदार असतो, बारीक दोन तारांना त्याच सुराचा आणि जाड चार तारांना वरच्या सप्तकातला. म्हणजे तुम्ही जाड तार छेडली की बरोबर तिची बारीक बहीण पण बोलते, ती चमचम तिची. सहा तारांवर ते येणं अवघड आहे.

त्यात भर म्हणजे तो आवाज मुद्दाम बारीक केलाय. १९७५ साली ॲबी रोड स्टुडिओत हे झालं, सुरुवातीला रेडिओचं स्टेशन बदलल्याचा आवाज आहे ना, तो बँडचा गिटारवाला डेव्हिड गिलमोर याच्या गाडीतल्या रेडिओवरून घेतलेला, मध्येच चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडापण ऐकू येतो. मग बारा तारांचं गिटार त्या रेडिओतूनच वाजतंय असं भासवलंय, आणि दुसरं सहा तारांचं गिटार येतं ते एकदम स्वच्छ, जवळ, जणू कोणीतरी खोलीत बसून रेडिओबरोबर वाजवतोय. हेडफोन लावून ऐका, खोकलापण ऐकू येईल.

तुम्ही एकटे वाजवणार आहात तर एवढंच करा. इन्ट्रो वाजवताना उजवा हात ब्रिजच्या (तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या) जवळ न्या, आवाज आपोआप बारीक आणि टोचरा होतो. गाणं सुरू झालं की हात परत भोकावर आणा. आणि पहिल्या कॉर्डच्या आधी जी चढती चाल आहे तीपण घ्या, सहाव्या तारेचा तिसरा पडदा, मग पाचवी मोकळी, तिच्यावरच दुसऱ्या पडद्यावर बोट आपटायचं, परत तार छेडायची नाही, मग चौथी मोकळी आणि तिथून ई मायनर सेव्हन. हे चार सूर ऐकले की लोक मान वर करतात.

पेटीवाला

सा रे ग प. आणि पुढच्या कॉर्डात ध. 🙂

ताठबोटे

काका तुम्हालाच शेवटचा प्रश्न. गाणार मीच आहे, दुसरं कोणी तयार नाही. मूळ पट्टीत वर गेलं की माझा आवाज फाटतो. कॅपो (गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा) घेतलाय पण तो लावला तर अजूनच वर जातं.

पेटीवाला

कॅपो पट्टी चढवतोच, उतरवत नाही, एवढं मलाही मुलामुळे माहीत आहे. पट्टी उतरवायची तर सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून लावा, बोटं तीच, गाणं पांढरी पाचवरून काळी तीनवर येईल. तेवढ्याने भागलं नाही तर अजून अर्धा, पांढरी चार. मुलगा म्हणतो त्याच्याखाली तारा ढिल्या पडून खडखडायला लागतात. आणि उतरवलेल्या तारा तासभर तरी हलत राहतात, तर कर्जतला पोचल्यावर नाही, घरूनच लावून न्या आणि तिथे परत बघा. एरवी सकाळी तंबोऱ्याबरोबर नुसता सा लावत बसा दहा मिनिटं, फुकट सल्ला.

ताठबोटे

मंडळी, कर्जत झालं, सांगायचं राहून गेलं होतं.

काळी तीनला लावून नेलं. इन्ट्रो नीट गेली, सगळे गप्प झाले, दुसऱ्या डी बाय एफ शार्पला पाचवी तार भसकन वाजली पण तोपर्यंत सगळे गात होते. सी साधाच वाजवला, खोडकाका. पहिलं कडवं संपवून थांबलो, पुढचं येत नव्हतं.

मग साहजिकच गिटार त्याच्या हातात दिलं. वीस वर्षांत फारसं वाजवलं नाही म्हणाला, पण बोटं आपोआप गेली. मी समोरच बसलो होतो, सवयीने त्याची अनामिका आणि करंगळी बघत होतो. ई मायनर, साधा. जी, साधा. आणि मग ए, तीन बोटं एका पडद्यात कोंबून, ठसठशीत तीव्र मध्यम! चार वर्षं जिन्यात हेच चालू होतं. आणि गंमत म्हणजे सगळ्यांचे डोळे भरून आले, माझेपण.

मी काही बोललो नाही त्याला.

बिनधास्त_बाळ्या

मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं 😎